पडद्यावरचा निनावी ठिपका

इंग्लंडच्या केंट परगण्यात, डेंजच्या गोटाळ किनाऱ्यावर काँक्रीटच्या तीन अवाढव्य वास्तू अजून उभ्या आहेत. दोन खोलगट वाडग्याच्या आकाराच्या, आणि तिसरी दोनशे फूट लांबीची बाकदार भिंत. तिघींचीही तोंडे समुद्राकडे. १९२८ ते १९३० या काळात ब्रिटिशांनी त्या बांधल्या, त्या शत्रूच्या विमानांचा आवाज ऐकण्यासाठी. काँक्रीटवर आदळलेला आवाज एका जागी गोळा व्हायचा आणि तिथे कानाला नळ्या किंवा पुढे मायक्रोफोन लावून माणसे बसायची. हवा शांत असली तर वीस-तीस किलोमीटरवरचे इंजिन ऐकू यायचे. वारा सुटला, जवळून एखादी बोट गेली, की सगळे बिघडले. शिवाय विमाने दरवर्षी अधिक वेगवान होत चालली होती. आवाज ऐकून टेलिफोन उचलेपर्यंत बॉम्बर डोक्यावर येऊन ठेपेल, हे १९३५ च्या सुमारास सगळ्यांना कळून चुकले होते.

त्याच सुमारास ब्रिटिश हवाई मंत्रालयाने रेडिओ संशोधक रॉबर्ट वॉटसन-वॉट यांच्याकडे एक विचित्र विचारणा केली. रेडिओ लहरींच्या झोताने वैमानिकाला लुळे करता येईल का? वॉटसन-वॉट यांनी गणित मांडायला सांगितले ते आपले सहकारी अर्नोल्ड विल्किन्स यांना. विल्किन्स यांचा आकडा स्पष्ट होता: माणसाला इजा करण्याइतकी शक्ती त्या काळच्या कुठल्याही यंत्रातून मिळणे अशक्य. पण त्यांना टपाल खात्याच्या अभियंत्यांची एक तक्रार आठवली. जवळून विमान गेले की रेडिओच्या ग्रहणात गडबड होते, असे त्यांनी नोंदवले होते. म्हणजे विमानावरून लहरी परावर्तित होतात. मारता येत नसेल तर निदान शोधता येईल.

२६ फेब्रुवारी १९३५ च्या सकाळी डॅव्हेंट्रीच्या बीबीसी प्रक्षेपण केंद्रापासून काही अंतरावर, शेतात एक मोटारव्हॅन उभी होती. आत रेडिओ रिसीव्हर आणि कॅथोड किरणांची नळी. हेफर्ड जातीचे एक बॉम्बर विमान ठरलेल्या मार्गावरून ये-जा करत होते. बीबीसीच्या लहरी थेट येत होत्या त्या एकमेकींना छेदून शून्य व्हाव्यात अशी दोन एरियलांची मांडणी विल्किन्स यांनी केली होती. त्यामुळे नळीवर जे काही हलेल ते विमानावरून आलेले असणार होते. विमान जवळ आले तशी नळीवरची हिरवी खूण ताणली गेली, लांब झाली, पुन्हा आक्रसली. सुमारे तेरा किलोमीटरपर्यंत विमान टिपता आले. विमानात त्यासाठी कसलेही उपकरण बसवलेले नव्हते, आणि वैमानिकाकडून काही मागितलेही नव्हते. प्राथमिक रडार, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रकांच्या भाषेत प्रायमरी रडार, आजही याच तत्त्वावर चालते.

ही कल्पना अगदी पहिल्यांदाच सुचली होती असे नाही. ख्रिस्तियान हुल्समायर या जर्मन तरुणाने १९०४ मध्येच कलोनला ऱ्हाइन नदीवर एक यंत्र दाखवले होते. समोर जहाज आले की त्यातली घंटा वाजायची. पण जहाज किती दूर आहे हे घंटेला सांगता येत नव्हते, आणि गिऱ्हाईकही मिळाले नाही. डॅव्हेंट्रीच्या प्रयोगातही अंतर मोजलेले नव्हतेच. ते मोजायचे तर लहर सलग सोडून चालत नाही. तिचे तुकडे करावे लागतात. एक ठोका सोडायचा, थांबायचे, पडसाद किती वेळाने आला ते पाहायचे. रेडिओ लहर सेकंदाला तीन लाख किलोमीटर जाते. जाण्यायेण्याचा हिशेब धरला तर पडसादाला लागलेला प्रत्येक मायक्रोसेकंद म्हणजे दीडशे मीटर अंतर. शंभर किलोमीटरवरच्या विमानाचा पडसाद सेकंदाच्या हजाराव्या भागाच्याही आत परत येतो. ऑर्फर्डनेसच्या ओसाड किनाऱ्यावर त्याच वर्षी मे महिन्यापासून हे काम सुरू झाले.

चार वर्षांनी युद्ध सुरू झाले तेव्हा ब्रिटनच्या पूर्व आणि दक्षिण किनाऱ्यावर रडार केंद्रांची ‘चेन होम’ ही साखळी उभी होती. साडेतीनशे फुटांवर उंचीचे पोलादी मनोरे लहरी सोडायचे आणि अडीचशे फुटांच्या आसपासचे लाकडी मनोरे त्या पकडायचे. आपल्या डोळ्यांपुढे रडार म्हटले की गरगर फिरणारी थाळी येते, तसे इथे काहीच फिरत नव्हते. समोरचा अख्खा समुद्र एकदमच लहरींनी उजळून टाकायचा, असा प्रकार होता. पडद्यावर एक आडवी रेघ, आणि विमान असेल तिथे त्या रेघेला पडलेला एक खळगा. डावीकडून खळग्यापर्यंत मोजले की अंतर. दिशा काढायला ऑपरेटर एक चक्री फिरवत बसायची. खळगा जिथे नाहीसा होईल तिथली दिशा घ्यायची. विमाने किती असतील हा अंदाज खळग्याच्या थरथरण्यावरून. यात तरबेज झालेल्या बऱ्याच जणी हवाई दलाच्या महिला शाखेतल्या विशी-बाविशीतल्या मुली होत्या.

खरे कसब मात्र त्यापुढच्या टप्प्यात होते. लंडनजवळच्या बेंटली प्रायरीला एक ‘फिल्टर रूम’ होती. वेगवेगळ्या केंद्रांचे टेलिफोन तिथे येत आणि त्यांचे म्हणणे क्वचितच जुळे. एक केंद्र म्हणे विमाने इथे, शेजारचे म्हणे तिथे. कारण उघड होते. चेन होमचे अंतर भरवशाचे होते, दिशा नव्हती. म्हणून नकाशापुढे उभ्या असलेल्या मुली दोन केंद्रांनी दिलेल्या अंतरांच्या दोन कमानी मनातल्या मनात काढत आणि त्या जिथे छेदतील तिथे सोंगटी ठेवत. दिशेचा आकडा जवळपास बाजूलाच. ब्रिटनच्या लढाईत रडारने विजय मिळवून दिला असे सर्रास लिहिले जाते. तितक्याच ठळकपणे या खोलीबद्दल लिहायला हवे. रडारने दिलेल्या अर्धवट माहितीतून वापरता येईल असे काही तयार होत होते ते इथे.

आणि तरीही एक प्रश्न सुटत नव्हता. ठिपका आपला की परका? युद्ध पुकारल्याच्या तिसऱ्या दिवशी, ६ सप्टेंबर १९३९ ला, आपल्याच विमानांना शत्रू समजून इशारे गेले, आणि स्पिटफायरांनी आपलीच दोन हरिकेन विमाने पाडली. एक तरुण वैमानिक मारला गेला. विमानातून ओळखीचा संकेत परत पाठवणारे यंत्र तेव्हा तयार होत होते, पण फारच थोड्या विमानांत पोचले होते. त्या यंत्राची गोष्ट पुढे येईल.

मधल्या काळात रडारचे रूप बदलले ते एका मूठभर तांब्याच्या ठोकळ्याने. २१ फेब्रुवारी १९४० ला बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी कॅव्हिटी मॅग्नेट्रॉन चालवून दाखवला. त्यातून दहा सेंटिमीटरच्या आसपासच्या लहरी मोठ्या शक्तीने निघत. इतक्या आखूड, किंबहुना त्याहूनही आखूड लहरी कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी १८९० च्या दशकातच निर्माण केल्या होत्या आणि त्यांच्यासाठी शिंगाच्या आकाराचे एरियलही बनवले होते, पण त्यांत विमानापर्यंत जाऊन परतण्याइतका जोर नव्हता. मॅग्नेट्रॉनने तो दिला. लहर आखूड म्हणजे झोत अरुंद, झोत अरुंद म्हणजे एरियल लहान, आणि लहान एरियल फिरवता येते. आता पडद्याच्या मध्यभागी रडार आणि भोवती गोल नकाशा, त्यावर घड्याळाच्या काट्यासारखी फिरणारी प्रकाशरेषा, हे चित्र आले. सप्टेंबर १९४० मध्ये हे गुपित अमेरिकेला देण्यात आले आणि एमआयटीमध्ये रडारवर काम करणारी एक मोठी प्रयोगशाळा उभी राहिली.

त्या प्रयोगशाळेत लुईस अल्वारेझ नावाचा एक भौतिकशास्त्रज्ञ होता. पुढे १९६८ चे नोबेल त्यालाच मिळाले. विमाने शोधून पाडायला रडार वापरतात, तर ती धुक्यातून सुखरूप उतरवायला का नाही, असा त्याचा विचार. त्याच्या पद्धतीत धावपट्टीच्या कडेला दोन बारीक झोत असत. एक आडवा फिरून विमान डावी-उजवीकडे किती सरकले ते दाखवी, दुसरा उभा हलून किती वर-खाली आहे ते. जमिनीवरचा माणूस रेडिओवर अखंड बोलत राही: थोडे डावीकडे, उतरण बरोबर, आता जरा खाली. वैमानिकाने उत्तरही द्यायचे नसे. विमानात नवे काही बसवण्याची गरज नव्हती. साधा रेडिओ पुरे. ब्रिटनमध्ये या यंत्रावर काम केलेल्या हवाई दलाच्या अधिकाऱ्यांत विज्ञानकथा लेखक आर्थर सी. क्लार्क हेही होते.

या पद्धतीचा कस लागला तो बर्लिनला. जून १९४८ मध्ये सोव्हिएत संघाने पश्चिम बर्लिनचे रस्ते आणि रेल्वे बंद केली. वीस लाखांहून अधिक माणसांचे धान्य आणि कोळसा विमानांनी आणायचा, तोही तीन ठरावीक हवाई पट्ट्यांतूनच. १३ ऑगस्टला ढग छपरांपर्यंत खाली आले. टेम्पलहॉफ विमानतळावर एक विमान धावपट्टीपलीकडे जाऊन जळाले, त्यामागच्याने टायर फोडले, आणि वर विमानांची रांग घिरट्या घालत अडकली. मोहिमेचे प्रमुख जनरल विल्यम टनर स्वतः त्या रांगेतल्या एका विमानात होते. त्यांनी सगळ्यांना परत पाठवले आणि नियम बदलले. विमाने ठरावीक अंतराने, तीन-तीन मिनिटांनी यायची. उतरण्याचा प्रयत्न एकदाच, चुकला तर सामानासह माघारी. अमेरिकेतून अनुभवी मुलकी नियंत्रकांना बोलावून रडारपुढे बसवण्यात आले. हिवाळ्याच्या धुक्यात, दोन्ही बाजूंच्या इमारतींमधून, ही माणसे एकामागून एक विमाने बोलून बोलून खाली आणत राहिली. मोहीम संपेपर्यंत तेवीस लाख टनांच्या आसपास माल बर्लिनला पोचला होता. मुलकी विमान वाहतुकीच्या नियंत्रणाची आजची शिस्त बरीचशी या पंधरा महिन्यांत घडली, असे म्हणायला हरकत नाही.

युद्धानंतर विमानतळांवर जी रडारे आली त्यांची घडण फारशी बदललेली नाही. विमानतळाचे रडार साधारण दहा सेंटिमीटरच्या लहरींवर चालते, शंभर-सव्वाशे किलोमीटरपर्यंत पाहते आणि चार-पाच सेकंदांत एक फेरी पुरी करते. लांबच्या मार्गांवर नजर ठेवणारे रडार तेवीस सेंटिमीटरच्या लहरी वापरते, सावकाश फिरते आणि चारशे किलोमीटरच्या आसपास पोचते. पल्ला वाढवणे मात्र फार महाग पडते. लहर जाताना विरते आणि येतानाही विरते, त्यामुळे पल्ला दुप्पट हवा असेल तर शक्ती सोळापट लागते. जुन्या यंत्रांचा ठोका म्हणूनच मेगावॉटच्या घरातला असे, जरी तो एखादाच मायक्रोसेकंद टिके.

शिवाय रडारला विमानच तेवढे दिसते असे नाही. डोंगर, इमारती, पाऊस, समुद्राच्या लाटा, सगळेच पडसाद देतात. स्थिर वस्तूंना गाळण्यासाठी लागोपाठच्या ठोक्यांचे पडसाद ताडून पाहतात आणि जो बदलत नाही तो पुसून टाकतात. युक्ती सुंदर आहे, पण रडारभोवती गोल वळसा घेत जाणारे विमान जवळही येत नाही आणि दूरही जात नाही. काही क्षण तेही पुसले जाते. अनुभवी नियंत्रक अशा वेळी गोंधळत नाहीत, ठिपका कुठे परत उगवणार ते त्यांना ठाऊक असते. युद्धकाळात ब्रिटिश ऑपरेटरांना रिकाम्या आकाशात सरकणारे काही ठिपके दिसत. त्यांना ते ‘एंजल्स’ म्हणत. ते पक्ष्यांचे थवे असल्याचे डेव्हिड लॅक आणि जॉर्ज व्हार्ली यांनी दाखवून दिले, आणि पक्ष्यांच्या स्थलांतराच्या अभ्यासाला एक नवे साधन मिळाले.

पण सगळ्यात मोठी उणीव तीच, जुनी. ठिपक्याला नाव नाही आणि उंची नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या अंधाऱ्या नियंत्रण कक्षांत रडारचा पडदा टेबलासारखा आडवा ठेवत. त्यावर प्लॅस्टिकच्या छोट्या पट्ट्या असत. त्यांना ‘श्रिंप बोट’ म्हणत. पट्टीवर मेणाच्या पेन्सिलीने विमानाचा क्रमांक आणि उंची लिहायची आणि ठिपका सरकला की पट्टी बोटाने पुढे ढकलायची. कुठला ठिपका कुणाचा, याबद्दल शंका आली तर रेडिओवर सांगायचे की तीस अंश वळा, आणि कोण वळते ते पाहायचे. उंची तर वैमानिक सांगेल तीच. पडद्यावर एकमेकांना चिकटलेले दोन ठिपके म्हणजे एकाच पत्त्यावरची दोन माणसे, आणि पाकिटावर मजला लिहिलेलाच नाही.

३० जून १९५६ ला ग्रँड कॅन्यनवर दोन प्रवासी विमाने धडकून १२८ जण गेले. तिथे रडार नव्हतेच. या अपघाताने अमेरिकेत पैसा मोकळा झाला, १९५८ मध्ये नवी हवाई वाहतूक संस्था आली, रडारांची खरेदी वाढली. पण १६ डिसेंबर १९६० ला न्यूयॉर्कवर जे घडले ते रडारच्या देखत घडले. युनायटेड कंपनीचे एक डीसी-८ जेट विमान घिरट्या घालण्याच्या ठरलेल्या जागेच्या अकरा मैल पुढे निघून आले होते. त्याच्यावरची रडारची देखरेख थोड्याच वेळापूर्वी संपली होती. दुसऱ्या विमानतळासाठी येणाऱ्या टीडब्ल्यूए विमानाच्या नियंत्रकाला पडद्यावर एक अनोळखी ठिपका जवळ येताना दिसला. त्याने वैमानिकाला दोनदा सावध केले. पण तो ठिपका कुणाचा आणि किती उंचीवर, हे त्याला कळण्याची सोयच नव्हती. दोन्ही विमाने धडकली, आणि त्यांतले मिळून पुन्हा १२८ जण गेले. ब्रुकलिनच्या रस्त्यावर आणखी सहा जण मेले.

यावरचा उपाय युद्धातल्या त्या ओळखीच्या यंत्रातून आला. जमिनीवरून १०३० मेगाहर्ट्झवर प्रश्न जातो, विमानातला ट्रान्सपॉन्डर १०९० वर उत्तर देतो: चार आकडी संकेत आणि उंची. हे सेकंडरी रडार. पडसादाची वाट पाहायची नसल्याने त्याला फार कमी शक्ती पुरते, पल्ला मोठा मिळतो, आणि पडद्यावर ठिपक्याशेजारी विमानाचे नाव झळकते. १९६० आणि ७० च्या दशकांत श्रिंप बोटी हळूहळू कपाटात गेल्या.

सगळीकडे मात्र नाही. १२ नोव्हेंबर १९९६ ला संध्याकाळी दिल्लीहून सौदी अरेबियन एअरलाइन्सचे बोइंग ७४७ निघाले. प्रवाशांत बहुसंख्य भारतीय होते, त्यांतले अनेक आखातात कामाला निघालेले. समोरून शिमकेंतहून कझाखस्तान एअरलाइन्सचे इल्युशिन-७६ येत होते. दिल्लीभोवतीचे बरेचसे आकाश हवाई दलाकडे असल्याने येणाऱ्या आणि जाणाऱ्या मुलकी विमानांना एकच अरुंद मार्ग होता. सौदी विमानाला चौदा हजार फुटांवर थांबवले होते, कझाख विमानाला पंधरा हजारांपर्यंतच उतरायला सांगितले होते. नियंत्रकाने कझाख विमानाला समोरच्या जम्बोची सूचनाही दिली. त्याच्यापुढे होते ते प्रायमरी रडार. दोन ठिपके एकमेकांकडे सरकत होते, आणि मधल्या हजार फुटांच्या अंतराला वैमानिकांच्या शब्दाखेरीज काही आधार नव्हता. कझाख विमान पंधरा हजारांखाली उतरले. हरियाणातल्या चरखी दादरीजवळ दोन्ही विमाने धडकली. ३४९ माणसे गेली. दोन विमानांच्या हवेतल्या टकरीत इतके बळी त्याआधी आणि नंतर कधीही गेलेले नाहीत. हवेतला तो भडका तिथून जाणाऱ्या अमेरिकी हवाई दलाच्या एका मालवाहू विमानातून दिसला.

न्यायमूर्ती आर. सी. लाहोटी यांच्या चौकशी आयोगाने मुख्य ठपका कझाख विमानाच्या उतरण्यावर ठेवला. ते योग्यच होते. पण सेकंडरी रडार त्या संध्याकाळी वापरात असते, तर पंधरा हजारांखाली जाणारा आकडा नियंत्रकाला दिसला असता, आणि बोलायला निदान काही सेकंद मिळाले असते. न्यूयॉर्कच्या अपघाताला तेव्हा छत्तीस वर्षे होत आली होती. इतकी जुनी उणीव आपल्या राजधानीच्या विमानतळावर तोवर राहावी, याची खंत वाटल्याशिवाय राहत नाही. त्यानंतर येण्याजाण्याचे मार्ग वेगळे झाले, सेकंडरी रडार सुरू झाले, आणि टक्कर टाळणारी यंत्रणा भारताच्या आकाशात येणाऱ्या प्रवासी विमानांना सक्तीची झाली.

मग प्रायमरी रडार मोडीत काढायचे का? २००० च्या आसपास अनेक देशांत असा सूर होताच. ते महाग, वीज खाणारे आणि माहिती अपुरी देणारे. ११ सप्टेंबर २००१ ला अमेरिकेत अपहरण झालेल्या चारपैकी तीन विमानांचे ट्रान्सपॉन्डर बंद करण्यात आले. पेंटॅगॉनवर आदळलेले विमान इंडियानापोलिसच्या नियंत्रकांच्या पडद्यावरून नाहीसे झाले. त्या भागात प्रायमरी रडारचे जाळे विरळ होते आणि संगणकाच्या मांडणीमुळे होते तेही पडसाद काही मिनिटे दिसले नाहीत. ते विमान पश्चिमेला शोधत राहिले, आणि ते मागे वळून पूर्वेला वॉशिंग्टनकडे येत होते. सकाळी ९ वाजून ३२ मिनिटांनी डलेस विमानतळाच्या नियंत्रकांना एक निनावी ठिपका प्रचंड वेगाने येताना दिसला, तो प्रायमरी रडारवर. पाच मिनिटांनी विमान आदळले.

८ मार्च २०१४ ला मलेशिया एअरलाइन्सचे एमएच ३७० मध्यरात्रीनंतर १ वाजून २१ मिनिटांनी सेकंडरी रडारवरून गेले. ते दक्षिण चीन समुद्रात कोसळले असावे असे धरून तिकडे शोध सुरू झाला. पण मलेशियाच्या लष्करी प्रायमरी रडारच्या नोंदींत एक ठिपका मागे वळून द्वीपकल्प ओलांडताना, पेनांगजवळून मलाक्काच्या सामुद्रधुनीत शिरताना दिसत होता. २ वाजून २२ मिनिटांपर्यंत तो टिकला. त्या रात्री शत्रूचे विमान नाही म्हणून त्याच्यामागे कुणी गेले नव्हते. विमान उलट दिशेला वळले होते हे जगाला कळले ते या नोंदींवरून.

आज विमाने उपग्रहांवरून आपली जागा स्वतःच काढून प्रक्षेपित करतात, आणि २०२० पासून अमेरिकेच्या बहुतेक नियंत्रित आकाशात ते बंधनकारक आहे. प्रायमरी रडारपुढे नव्या अडचणीही आहेत. पवनचक्क्यांची पाती फिरत असतात, त्यामुळे स्थिर वस्तू पुसण्याची जुनी युक्ती त्यांच्यावर चालत नाही. ब्रिटनमध्ये याच कारणाने अनेक पवनऊर्जा प्रकल्पांना विमान वाहतुकीच्या बाजूने हरकती आल्या. छोटे ड्रोन तर विमानतळाच्या रडारला सहसा दिसतच नाहीत, कारण ते पक्ष्यांएवढे असतात आणि पक्षी मुद्दाम गाळलेले असतात. तरी मुंबई, दिल्लीसारख्या गर्दीच्या विमानतळांवर दोन्ही रडारे एकाच मनोऱ्यावर फिरतात: खाली प्रायमरीचे मोठे बाकदार एरियल, त्याच्या माथ्यावर सेकंडरीची सपाट पट्टी. ट्रान्सपॉन्डर बिघडलेले विमान आले आणि पडद्यावर नाव नसलेला ठिपका उमटला, तर नियंत्रक जवळच्या वैमानिकाला घड्याळाच्या काट्यांवरून दिशा सांगतो, अंतर सांगतो, कुठे चालला आहे ते सांगतो, आणि उंची अज्ञात असल्याचे सांगतो. वैमानिकाने मागितले तर त्या ठिपक्यापासून दूर नेणारी दिशाही देतो.